अहवालाच्या पहिल्या पानावरची माणसे

समीक्षा ही कविता, कथा, कादंबरी यांचीच करावयाची असते, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. दलित साहित्याच्या चळवळीने प्रस्थापित समीक्षेचे पुष्कळ निकष मोडून काढले. पण कोणता मजकूर समीक्षेला पात्र आणि कोणता अपात्र, ही वाटणी मात्र तिने जशीच्या तशी ठेवली. सरकारी समित्या आणि आयोग यांचे अहवाल आपण कधी वाङ्मय म्हणून वाचलेच नाहीत. वास्तविक तेही वाङ्मयच आहे. त्याला निवेदक असतो, त्याची एक भाषा असते, त्यात नायक असतात आणि गाळून टाकलेली पात्रेही असतात. एखाद्या गाजलेल्या कादंबरीने आमच्या वस्तीतील माणसाचे जेवढे बरेवाईट केले नसेल, तेवढे अहवालातील एका परिच्छेदाने केले आहे. म्हणून हा लेख अशा अहवालांच्या पहिल्या पानाविषयी आहे. त्या पानावर अध्यक्ष आणि सदस्यांची नावे असतात. ही माणसे सल्ला द्यायला बसण्यापूर्वी कोठे होती, काय करीत होती आणि कोणाच्या भाकरीवर जगत होती, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी गंगापूर तालुक्यात शिकवतो. आमच्याकडची बरीच मुले वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे पाळी करतात आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत 'प्रशासकीय सुधारणा' नावाचे एक प्रकरण हटकून असते. वसंतराव नाईक समिती, १९६१, शिफारशी २२६. बोंगिरवार समिती, १९७१. पी. बी. पाटील समिती, १९८६. केंद्राचा पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग, १९६६, अहवाल २०, शिफारशी ५३७. मुले हे पाढ्यासारखे पाठ करतात. एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, शिफारशी किती ते लिहिलंय, पण हे लोक आधी काय करत होते ते का नाही लिहिलं?" तिच्या पुस्तकात उत्तर नव्हते. परीक्षेत तो प्रश्न येत नाही म्हणून ते छापलेले नाही. आणि छापलेले नाही म्हणून तो प्रश्नच नाही, असे आपणही समजून बसलो आहोत.

मोठ्या सल्लागारांचा परिचय हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा इतका त्याचा साचा पक्का आहे. अमुक साली सेवेत प्रवेश, अमुक जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, मग सचिवालय, मग दिल्ली, मग परदेशातील विद्यापीठात एक वर्ष, मग मुख्य सचिव, निवृत्ती आणि निवृत्तीनंतर आयोग. या परिचयात माणूस जन्मत नाही, तो एकदम 'प्रवेश' करतो. त्याला आई नाही, गाव नाही, भूक नाही आणि मुख्य म्हणजे जात नाही. जात लिहिलेली नसते म्हणजे ती नसते असे नव्हे. ती तेथे इतकी गृहीत धरलेली असते की लिहिण्याची गरजच पडत नाही. ज्याला आपली जात सांगावी लागत नाही तो 'तज्ज्ञ' होतो आणि ज्याला ती दाखल्यासह सिद्ध करावी लागते तो 'लाभार्थी' होतो. आपल्या प्रशासकीय वाङ्मयाने ही दोन पात्रे अतिशय चिकाटीने घडवली आहेत.

या साच्यासमोर दलित आत्मकथन ठेवून पाहा. शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अधिकृत परिचय लिहिणाऱ्याला तेवढे पुरले असते. पण त्यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'तराळ-अंतराळ', म्हणजे कुलगुरूपदापर्यंतची वाट त्यांनी तराळकीपासून मोजली. तराळ हाही सरकारचाच नोकर होता, हे येथे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. गावात येणाऱ्या प्रत्येक अंमलदाराचे ओझे वाहणारा, सांगावा पोचवणारा, सरकारी खजिन्यामागे धावणारा महार हा या मुलुखातील सर्वांत जुना शासकीय सेवक आहे. त्या सेवेला ना वेळ होती ना वेतन. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महारवतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, तेव्हा या बिनपगारी सेवेचा हिशेब त्यांनी प्रथमच सरकारपुढे मांडला. प्रशासन सुधारणेचा आपल्याकडील इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या विधेयकापासून सुरुवात करायला हवी होती. ते सुरुवात करतात ती सचिवालयापासून.

माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' हे पुस्तक १९७९ साली आले, तेव्हा त्याची चर्चा एका चर्मकार शिक्षकाचे अनुभव म्हणून झाली. ते योग्यच होते. पण ती प्राथमिक शाळेतील एका शासनवेतन घेणाऱ्या माणसाची रोजनिशीसुद्धा आहे. गावातील शाळा, बदली, वरिष्ठ, गावकीचा दाब, जातीमुळे होणारी कोंडी हे सारे त्यात सार्वजनिक सेवेच्या अगदी तळाच्या पायरीवरून दिसते. नोकरशाहीवर मराठीत यापेक्षा खरी पुस्तके फार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कोणत्याही प्रशासकीय सुधारणा आयोगाने ते पुरावा म्हणून वाचल्याचे ऐकिवात नाही.

आता नावांकडे वळू. स्वातंत्र्यानंतर प्रशासनावर पहिला भारदस्त अहवाल लिहिला तो ए. डी. गोरवाला यांनी, १९५१ साली, नियोजन मंडळासाठी. गोरवाला आय. सी. एस. होते. माणूस करारी. सेवा त्यांनी मुदतीपूर्वीच सोडली, पुढे 'ओपिनियन' हे पत्र काढले आणि आणीबाणीतही ते सत्तेपुढे वाकले नाहीत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या अहवालाचा गाभा सचोटी आणि कार्यक्षमता हा आहे. अंमलदार प्रामाणिक असला, त्याच्या कामात ढवळाढवळ झाली नाही, की कारभार सुधारेल अशी त्यामागची श्रद्धा. ज्याने आयुष्यभर खुर्चीच्या या बाजूने कारभार पाहिला त्याला बिघाड खुर्चीवरच्या माणसाच्या चारित्र्यात दिसणे स्वाभाविक आहे. खुर्चीसमोर उभे राहणाऱ्याला तो निराळ्या जागी दिसतो. अंमलदार लाच न घेताही जातीने वागू शकतो. अत्यंत प्रामाणिक अधिकाऱ्याच्या कचेरीतही दलिताचा अर्ज तळाशी जाऊ शकतो, आणि तसे झाल्याने कोणाच्या सचोटीला डाग लागत नाही.

दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, अमेरिकेतून पॉल ॲपलबी आले. पूर्वी वृत्तपत्रकार, मग अमेरिकेच्या शेतकी खात्यात वरिष्ठ अधिकारी, मग सिराक्यूज विद्यापीठात अधिष्ठाता. त्यांच्या अहवालाचे फलित म्हणून १९५४ साली दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था निघाली. त्यानंतर ५ जानेवारी १९६६ रोजी पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मोरारजी देसाई, एकेकाळचे मुंबई प्रांतिक सेवेतील डेप्युटी कलेक्टर. १९६७ मध्ये ते उपपंतप्रधान झाल्यावर के. हनुमंतय्या, हे वकील आणि म्हैसूरचे माजी मुख्यमंत्री. सदस्यांत एच. व्ही. कामत, आय. सी. एस. सोडून राजकारणात आलेले, जी. एस. पाठक, नामांकित कायदेपंडित, आणि व्ही. शंकर, आय. सी. एस., सरदार पटेलांचे एकेकाळचे खाजगी सचिव. या माणसांची योग्यता मी नाकारीत नाही. पण ही यादी एका दमात वाचली की काय जाणवते? या आयोगाच्या काळात गाजलेला वाद होता 'सामान्यज्ञ श्रेष्ठ की तज्ज्ञ श्रेष्ठ?' म्हणजे सचिवाच्या खुर्चीवर सनदी अधिकारी बसावा की अभियंता, डॉक्टर बसावा. भांडण मोठे अटीतटीचे झाले. पण दोन्ही पक्षकार एकाच आळीतले होते. तलाठ्याच्या सज्जात जो माणूस बाहेरच उभा राहतो त्याच्या दृष्टीने आत बसलेला सामान्यज्ञ आहे की तज्ज्ञ, याने कोणता फरक पडतो?

दुसरा आयोग ३१ ऑगस्ट २००५ चा. अध्यक्ष वीरप्पा मोईली, वकील आणि कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री. हे मागास मानल्या गेलेल्या देवाडिगा समाजातून आलेले, ही नोंद केली पाहिजे. बाकीचे कोण? केरळचे माजी मुख्य सचिव व्ही. रामचंद्रन, पोलीस सेवेतील ए. पी. मुखर्जी, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक ए. एच. कालरो, सनदी सेवा सोडून लोकसत्ता चळवळ उभी करणारे जयप्रकाश नारायण (२००७ मध्ये ते बाहेर पडले) आणि माजी महसूल सचिव विनिता राय. पंधरा अहवाल निघाले. माहितीच्या अधिकारावरचा पहिला अहवाल मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. पण चाळीस वर्षांनीही आयोगाचा तोंडवळा तोच, हे मात्र नजरेआड करता येत नाही. फार तर व्यवस्थापनशास्त्राचा एक प्राध्यापक वाढला.

याच्या उलट एक जुना अहवाल आहे, ज्याकडे प्रशासनाचे अभ्यासक ढुंकूनही पाहत नाहीत. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, आय. सी. एस. या साहेबांची पूर्वीची कामगिरी होती तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहती चालवण्याची. म्हणजे काटेरी तारेच्या आत माणसे ठेवून त्यांना 'सुधारण्या'चा अनुभव. एवढ्यावरून पाहिले तर हा अहवाल कसा उतरायला हवा होता, हे सांगायला नको. पण समितीत डॉ. आंबेडकर होते, डॉ. पी. जी. सोळंकी होते, अमृतलाल ठक्कर होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. त्यात सामाजिक बहिष्काराचे वर्णन आहे. अस्पृश्याने आपला साधा हक्क बजावला की त्याचे काम बंद, वाणसामान बंद, वाट बंद. आणि उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार जास्त जिव्हारी लागते, कारण ते कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना बाबासाहेबांनी याच अहवालाचा आधार घेतला आणि बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली. आय. सी. एस. अध्यक्षाच्या सहीखाली हे वाक्य कसे आले? साक्षीदार म्हणून बोलावलेल्या महाराने ते सांगितले असते तर परिशिष्टात गेले असते. ते मुख्य अहवालात आले कारण ते जाणणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसलेला होता.

आणि त्या माणसाची स्वतःची 'कारकीर्द' काय होती? १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत तो रुजू झाला आणि राहायला जागा न मिळाल्यामुळे परत फिरला. कोलंबियाची विद्या त्याच्याजवळ होती. उतरायला पारशी धर्मशाळा मिळाली, तीही नाव लपवून, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. हा अनुभव कोणत्याही अधिकृत परिचयात 'सेवा' या रकान्यात बसत नाही. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले आणि १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखण्याचा जो आदेश निघाला, त्यामागे बडोद्याची ती रात्र नव्हती असे कोण म्हणेल?

आता मी माझ्या तालुक्याकडे येतो, कारण तत्त्वचर्चेत हा मुद्दा हरवतो.

मराठवाड्यातील दलितांच्या हाती जी थोडीफार जमीन आहे तिच्यातील मोठा वाटा गायरानाचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आठवावेत. सरकारने १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने दलित, आदिवासी, भटक्या जमाती यांची गायरानावरील जुनी वहिवाट नियमित करण्याचे ठरवले. १९९१ च्या निर्णयात अखेरची तारीख होती १४ एप्रिल १९९०. दिवस मुद्दाम निवडलेला दिसतो. आता वहिवाट सिद्ध कशी करायची? तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई नावाची नोंदवही असते. ती अतिक्रमणांची नोंदवही. तिच्यात नाव असले, दंड भरल्याच्या पावत्या असल्या, तर वहिवाट सिद्ध.

येथे जरा थांबू. प्रशासनाच्या दृष्टीने एक-ई म्हणजे आरोपींची यादी. हटवायचे कोणाला हे कळावे म्हणून ती ठेवायची. आमच्या माणसाच्या दृष्टीने मात्र ती मालकीच्या वाटेवरची एकमेव पायरी. म्हणून दुनियेत कोठे दिसणार नाही असे दृश्य आपल्याकडे दिसते: माणूस कचेरीत जाऊन 'मला अतिक्रमणदार म्हणून लिहा, माझ्याकडून दंड घ्या' अशी विनवणी करतो आणि ती नोंद घेण्याचे टाळले जाते. नोंद नाही म्हणून पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून हक्क नाही. पावती जपून ठेवणारी म्हातारी माणसे आमच्या प्रत्येक गावात आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, आढ्याला टांगून. कागद विरला आहे, शाई उडाली आहे.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यात अपवाद ठेवला आहे: भूमिहीन किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिला असेल तर. वाचायला अपवाद मोठा माणुसकीचा वाटतो. पण पट्टा दिलेलाच नाही, केवळ दंडाची पावती दिली आहे, त्याचे काय? तो अपवादात बसत नाही. १२ जुलै २०११ चा राज्याचा निर्णय त्याच वाटेने गेला. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा आल्या, तेव्हा ज्यांची नावे एक-ईत होती त्यांनाच त्या आधी पोचल्या. जी यादी हक्काची पायरी होती तीच हुसकावण्याची यादी ठरली.

जिल्हाधिकारी म्हणून चाकरी करून वर गेलेल्या सल्लागाराने अभिलेखांच्या संगणकीकरणावर शेकडो पाने लिहिली आहेत. सातबारा संगणकावर आला, ते चांगलेच झाले. परंतु एक-ईची नोंद मागणाऱ्याला ती ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे, ही एक ओळीची सुधारणा कोणाला का सुचू नये? बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्या नोंदवहीसमोर ते कधी उभे राहिले नाहीत म्हणून.

किल्लारीचे उदाहरण मराठवाड्यातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गावे जमीनदोस्त झाली. जागतिक बँकेचे कर्ज आले, पुनर्वसन झाले, आणि आपत्ती-व्यवस्थापनाच्या जगात त्याचा आदर्श म्हणून गौरव झाला. त्या कामातील अधिकाऱ्यांच्या कष्टांविषयी मला काही वाईट लिहायचे नाही. पण स्थलांतरित गावांतील घरांचे माप कसे ठरले? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यावरील सात हेक्टरपर्यंतच्यांना ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. धरणीने सर्वांना एका रात्रीत सारखे केले होते. फाइलीने त्यांना पुन्हा पूर्वीच्या जागी नेऊन बसवले. घरातील माणसे मोजावीत की बापाची जमीन, हा प्रश्न ज्याच्या स्वतःच्या घराचे माप कधी जमिनीवरून ठरले नाही त्याला प्रश्नच वाटत नाही. त्याला ते 'पूर्वस्थिती प्रस्थापित करणे' वाटते. शब्द किती सोयीचा आहे पाहा! आमच्या माणसाला पूर्वस्थितीच नको होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या ओळखीचाच आहे. दलित साहित्य दलितानेच लिहावे काय, सहानुभूतीने लिहिलेले दलित साहित्य नव्हे काय, हा वाद आपण पुष्कळ घातला. सल्लागारांच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे. जन्म हाच निकष मानायचा काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्यासाठी माझ्यापुढे माणसे आहेत. एस. आर. शंकरन जन्माने दलित नव्हते. सनदी अधिकारी म्हणून त्यांनी आंध्रात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी १९७६ नंतर जे काम केले, आणि निवृत्तीनंतर डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्धच्या चळवळीला जी साथ दिली, ती पाहता त्यांची कारकीर्द परिचयाच्या साच्यात मावत नाही. आपल्याकडे वि. स. पागे. तासगावकडे १९६५ च्या सुमारास केलेल्या छोट्या प्रयोगातून त्यांनी रोजगार हमीची कल्पना पुढे आणली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आणखी जुने आणि आपल्या भागाशी जुळणारे नाव म्हणजे क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. गंगापूर निजामाच्या राज्यात होते त्या काळात हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारचा आदिवासी आणि मागासवर्ग यांविषयीचा सल्लागार होता. युद्धकाळात त्याच्याजवळ जर्मन पारपत्र, म्हणून इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा माणूस. १९४० साली आदिलाबादेत कुमरम भीमू मारला गेल्यानंतर गोंडांचे दुखणे काय ते समजून घ्यायला सरकारने याला पाठवले. तो मार्लवाईत राहिला, गोंडी शिकला, आणि जमिनीच्या पट्ट्यांविषयी व गोंडीतून शिक्षण देण्याविषयी त्याने सल्ला दिला. सल्लागाराने आधी भाषा शिकावी, ही अट आज कोणत्या जाहिरातीत असते? पण त्याची पुस्तके चेंचू, रेड्डी आणि राजगोंड यांच्यावर आहेत. गोदाकाठच्या महारवाड्यावर त्याने पुस्तक लिहिले नाही. जंगलातला माणूस अभ्यासाला योग्य आणि वेशीबाहेरचा माणूस रोजचाच, असा तो काळ होता.

तेव्हा जन्म हा निकष नव्हे; पण केवळ जन्म पुरतोही असे नाही, हेही निर्भीडपणे म्हटले पाहिजे. डॉ. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आले आणि घराघरांत गेले. रिझर्व्ह बँकेत दीर्घ सेवा, पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद आणि २००९ पासून नियोजन आयोगाचे सदस्यत्व. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा इतरत्र वळवला जातो ही आपली जुनी तक्रार. २०१० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने त्यावर मार्ग सुचवला: प्रत्येक खात्याने हा पैसा अर्थसंकल्पात ७८९ या वेगळ्या गौण शीर्षाखाली दाखवावा. पैसा कोठे लपतो हे जाणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाच सुचावी अशी ही गोष्ट आहे. पण त्याच शिफारशींत खात्यांचे गट पाडले गेले आणि एका गटावर काहीच बंधन राहिले नाही. काही खात्यांचा लाभ जातवार वाटता येत नाही, हा अर्थशास्त्रीय युक्तिवाद. दलित संघटनांनी त्यावर टीका केली, आणि माझ्या मते ती योग्य होती. रस्ता, वीज, अणुऊर्जा यांचा लाभ वाटता येत नसेल. त्यांतील कंत्राटे आणि नोकऱ्या तर वाटता येतात ना? म्हणजे वडाळ्याचा बाप आणि बँकेची सेवा या दोन्ही गोष्टी एका अहवालात बोलतात. समीक्षकाने दोन्ही आवाज ओळखले पाहिजेत. आपलाच माणूस म्हणून दुसरा आवाज ऐकू न येणे ही भक्ती झाली. २०१४ नंतर नियोजन आयोगच राहिला नाही, आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला, हा भाग वेगळा.

आता नव्या काळचा सल्लागार. २०२१ साली केंद्राने क्षमता-बांधणी आयोग नेमला. सरकारी नोकरांना कसे शिकवायचे ते त्याने ठरवायचे. पहिले अध्यक्ष आदिल झैनुलभाई, मॅकिन्झी या खाजगी सल्लागार कंपनीचे भारतातील माजी प्रमुख. सदस्य डॉ. आर. बालसुब्रमण्यम, म्हैसूरकडे आदिवासी भागात काम केलेले डॉक्टर. आणि प्रवीण परदेशी, जे किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी होते आणि पुढे राज्याच्या 'मित्रा' संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तिघांच्या वाटा निराळ्या आहेत, हे १९६६ पेक्षा बरेच म्हणावे लागेल. पण अध्यक्षपद कोणत्या वाटेकडे गेले ते पाहा. याच मॅकिन्झीने २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट'साठी मुंबईचा भविष्य-आराखडा लिहिला होता. त्यातली मुंबई झोपडीत राहणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. कंपनीची भाषा सरकारात आली की नागरिकाचा 'ग्राहक' होतो. आणि ग्राहक होण्यासाठी आधी खिशात काही असावे लागते.

थेट भरतीचे प्रकरण तर ताजेच आहे. २०१८ पासून खाजगी क्षेत्रातील माणसांना सहसचिव, संचालक अशा पदांवर घेणे सुरू झाले. १७ ऑगस्ट २०२४ रोजी ४५ पदांची जाहिरात निघाली, आरक्षण नाही म्हणून देशभर ओरड झाली आणि २० ऑगस्टला ती मागे घ्यावी लागली. मागे घेतली याचा आनंद आपण केला. परंतु ती पदे आरक्षणाबाहेर कशी गेली याची रीत विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे. १९९८ साली चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की, एकच पद असलेल्या संवर्गात आरक्षण लागू होत नाही. मग पंचेचाळीस पदे एकत्र मोजण्याऐवजी प्रत्येक पद एकटेच मानायचे. पंचेचाळीस वेळा एक. पंचेचाळीस मात्र कधीच नाही. गणिताची ही करामत कोण्या जातीयवादी माणसाने कुत्सित हसत केली असेल असे मला वाटत नाही. ती नियमांत पारंगत अशा सभ्य माणसांनी केली असणार, आणि त्यांतल्या कोणालाही आपण काही वाईट केले असे वाटले नसेल. हीच गोष्ट मला अधिक भीतिदायक वाटते.

याच राज्यात दुसऱ्या टोकाला लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत. त्यांनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मरण पावला तर त्याची जागा वारसाला मिळते. मी हा हक्क काढून घ्या असे म्हणणार नाही. ठेकेदारी आल्यापासून कायम नोकरीचा तोच एक दरवाजा पुष्कळ घरांना उरला आहे. पण शासनाच्या साऱ्या वाङ्मयात 'वारस' हा शब्द इतक्या उदारपणे दुसऱ्या कोणत्या पदासाठी वापरलेला आहे, ते कोणी मला दाखवावे. निवृत्त सचिवाच्या जागी आयोगावर दुसरा निवृत्त सचिव येतो, त्याला मात्र निवड म्हणतात.

विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे असते. समित्यांची यादी पाठ करायची तर करा, परीक्षेला ती लागते. पण वहीत चौथा रकाना ओढा आणि त्यात अध्यक्षांची व सदस्यांची आधीची वाट लिहा: कोणती सेवा, कोणती कंपनी, कोणते गाव, कोणती भाषा. दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचा: कोंडविलकरांची रोजनिशी आणि दुसऱ्या आयोगाचा कर्मचारी प्रशासनावरील दहावा अहवाल. तालुक्याच्या ग्रंथालयात दोन्ही मागा. पहिले बहुधा मिळेल. दुसऱ्यासाठी लेखी मागणी करावी लागेल. ती करा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.